एटनावर गॅस मोजायला गेले, त्याचा अनुभव

मास्टर्सच्या प्रोजेक्टसाठी मी सिसिलीत एटना ज्वालामुखीचा गॅस मोजायचं काम केलं आणि तेव्हापासून घरचे, मैत्रिणी सगळे एकच विचारतात की वरच्या धुरावरून खाली मॅग्मा, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, काय करतोय हे कळतं तरी कसं, म्हणून जमेल तसं लिहून काढतेय.

मॅग्मामध्ये गॅस विरघळलेले असतात आणि तो वर येताना दाब कमी झाला की ते सुटायला लागतात, पण सगळे एकदम सुटत नाहीत, खरी गंमत तिथेच आहे. कार्बन डायऑक्साइड म्हणजे सीओटू हा बसाल्टच्या, म्हणजे थंड झाल्यावर काळा खडक बनणाऱ्या, मॅग्मात फार टिकत नाही, कित्येक किलोमीटर खाली असतानाच बाहेर पडतो. सल्फर डायऑक्साइड, एसओटू, तो बराच वेळ आत राहतो आणि मॅग्मा बराच वर आला की मग सुटतो. त्यामुळे धुरात एसओटूच्या मानाने सीओटू चढायला लागला की समजायचं खोलातून नवा मॅग्मा भरतोय. एटनावर २००६ च्या उद्रेकांआधी हे दिसलं होतं, इटलीतल्याच स्ट्रॉम्बोली ज्वालामुखीवर १५ मार्च २००७ च्या मोठ्या स्फोटाआधी पण. सह्याद्रीच्या बसाल्टवर लहानाची मोठी झालेय मी, पण तो खडक थंड होऊन साडेसहा कोटी वर्षं झाली, जिवंत बसाल्टचा ज्वालामुखी बघायचा तर असं लांबच जावं लागतं.

मोजायला मल्टीगॅस नावाची पेटी असते, आत एक पंप, सीओटूसाठी इन्फ्रारेड सेन्सर, एसओटू आणि हायड्रोजन सल्फाइडसाठी वेगळे सेन्सर, बॅटरी, आणि बाहेर एक नळी जिच्या तोंडाला फिल्टर लावतात. साधारण १९०० मीटरवर सापिएन्झा नावाच्या ठिकाणापर्यंत गाडी जाते, तिथून केबल कार, मग जीप, मग हेल्मेट घालून गाईडच्या मागे चालत, पायाखाली सगळी काळी भुसभुशीत राख, एक पाऊल पुढे टाकलं की अर्धं मागे. विवराच्या कडेला पोचलं की पेटी ठेवायची आणि वाऱ्याची वाट बघायची. वारा फिरला की स्क्रीनवर एसओटू शून्यावरून उठतो आणि तेवढ्यात घशात झोंबतंच, डोळ्यांतून पाणी यायला लागतं, मग मास्क चढवायचा आणि पंपाच्या घरघरीकडे लक्ष ठेवायचं, कारण फिल्टर राखेने भरला की आवाज बदलतो. माझ्या जॅकेटची धातूची चेन त्या आम्लाने काळी पडली आणि नंतर उघडेचना.

पण डोंगर चढणं त्यातल्या त्यात सोपं, खरी परीक्षा नंतर लॅपटॉपवर. साध्या हवेतच सीओटू ४२० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) आसपास असतो आणि ज्वालामुखीचा भाग त्यावर थोडासाच, म्हणून आधी धुराबाहेरच्या हवेचं रीडिंग घेऊन ते वजा करावं लागतं, त्यात एसओटूचा सेन्सर जरा संथ, म्हणजे एकाच झुळकेतली दोन गॅसची शिखरं ग्राफवर वेगवेगळ्या वेळी दिसतात, ती सरकवून जुळवायची, आणि मग एसओटूसमोर सीओटू मांडून जी रेघ येते तिचा उतार म्हणजे आपलं प्रमाण. ठिपके रेघेवर नीट बसले नाहीत तर तो आकडा वापरायचा नाही, कितीही कष्टाने मिळवलेला असला तरी, आणि मला हे मनापासून पटतं, कारण खाली डोंगराच्या उतारावर माणसं राहतात.

आता प्रमाण कळलं तरी रोज किती टन गॅस निघतोय हे कळत नाही. हवेत मुळातच एवढा सीओटू आहे की लांबून तो मोजणं फार अवघड, म्हणून एसओटू मोजतात, तो सूर्यप्रकाशातले अतिनील किरण शोषतो. गाडीवर स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे कुठले किरण किती शोषले गेले ते मोजणारं यंत्र, आकाशाकडे रोखायचा आणि धुराच्या लोटाच्या खालून आडवी गाडी न्यायची. लोटात या टोकापासून त्या टोकापर्यंत सापडलेल्या एसओटूच्या बेरजेला वाऱ्याच्या वेगाने गुणलं की एसओटूचे टन, त्याला मघाचं प्रमाण लावलं की सीओटूचे. वाऱ्याचा वेग चुकला की सगळंच चुकतं, माझ्या मते या कामात सगळ्यात कच्चा दुवा हाच.

अजून एक, गॅस वाढला म्हणजे धोका आणि कमी झाला म्हणजे सुटलो असं अजिबात नाही. फिलिपिन्सच्या पिनातुबोवर १३ मे १९९१ ला दिवसाला ५०० टनांच्या आसपास असलेला एसओटू २८ मेला ५००० च्या वर गेला आणि ५ जूनला २६० वर आला, म्हणजे ज्वालामुखी शांत झाला नव्हता, वर चढणाऱ्या मॅग्मामुळे गॅसच्या वाटा बंद झाल्या होत्या, आणि १५ जूनला विसाव्या शतकातल्या सगळ्यात मोठ्या उद्रेकांपैकी एक झाला. म्हणून गॅसचा आकडा कधीही एकटा वाचत नाहीत, बारीक भूकंप आणि जमिनीचा फुगवटा शेजारी ठेवूनच वाचतात.

माझ्या रीडिंगमध्ये प्रमाण जवळजवळ पूर्ण वेळ खालीच राहिलं, मध्ये काही दिवस थोडं वर गेलं आणि परत उतरलं. त्या दिवसांत वारा बदलून दुसऱ्या विवराचा धूर आमच्याकडे येत होता का हे आता वाऱ्याच्या नोंदी काढून तपासतेय, कारण एटनाच्या सगळ्या विवरांचा धूर सारखा नसतो, आणि ते बघितल्याशिवाय नवा मॅग्मा वगैरे म्हणायची माझी तयारी नाही.