आपले ग्राहक नेमके किती?

आमची कपड्यांच्या दुकानांची साखळी आहे, तिचं मार्केटिंग मी सांभाळते. बिलिंग, वेबसाइट आणि अ‍ॅप या तिन्हींचा डेटा एका कस्टमर डेटा प्लॅटफॉर्ममध्ये, म्हणजे ग्राहकांची सगळीकडची माहिती एकत्र जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, आणायचं ठरलं, तेव्हा पहिल्याच बैठकीत मालकांनी साधा प्रश्न विचारला: आपले एकूण ग्राहक किती? तिघांनी तीन आकडे सांगितले आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर होते. बिलिंगवाले मोबाइल नंबर मोजत होते, वेबसाइटवाले ब्राउझर आणि अ‍ॅपवाले फोन. तोंडाने मात्र सगळेच ‘युजर’ म्हणत होते.

जोडणीचं काम पुढे ढकलून आम्ही आधी शब्द नक्की करायला बसलो. सॉफ्टवेअर देणाऱ्या व्हेंडरने तयार शब्दावली देऊ केली होती, पण ती त्यांच्या स्क्रीनवरच्या नावांची होती, आमच्या काउंटरची नव्हती. मी एकच अट ठेवली: कुठलाही आयडी आला की तो कशाची ओळख पटवतो, कोण देतो आणि कधी बदलतो, हे आधी लिहायचं. नाव काय द्यायचं ते मग बघू.

कुकी, म्हणजे वेबसाइट ब्राउझरमध्ये ठेवते ती छोटी ओळखखूण, लवकर सुटली. ती ब्राउझरची. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर कुर्ता पाहिला आणि घरी मोबाइलवर घेतला, तर कुक्या दोन, माणूस एकच. जाहिरात आयडी, म्हणजे जाहिरातींसाठी वापरला जाणारा ओळख क्रमांक, फोनचा. आयफोनवर आयओएस १४.५ पासून, म्हणजे एप्रिल २०२१ पासून, ट्रॅकिंगसाठी अ‍ॅपला परवानगी मागावी लागते. ती नाकारली की आयडीच्या जागी नुसती शून्यं येतात. आमच्या यादीत सगळ्यात जास्त वेळा अ‍ॅप उघडणारा ‘ग्राहक’ शोधला, तर त्याच्या आयडीत ओळीने शून्यंच होती. परवानगी नाकारलेले सगळे जण सिस्टीमने एकाच माणसात गोळा केले होते!

‘फर्स्ट पार्टी’वर मात्र बराच वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. आपल्याच डोमेनने ठेवलेली ती फर्स्ट पार्टी कुकी. आपण स्वतः ग्राहकाकडून घेतलेला तो फर्स्ट पार्टी डेटा. त्यात काउंटरवरच्या वहीतलं नावही आलं. आमची जाहिरात एजन्सी बोलायची पहिल्याबद्दल, आम्ही ऐकायचो दुसऱ्याबद्दल.

खरा गुंता मोबाइल नंबरचा. आपल्याकडे बिलाच्या वेळी नंबर सांगतात तो बहुतेकदा घरातल्या कुणाचातरी. एका नंबरखाली नऊवारी साड्या, लहान मुलांचे फ्रॉक आणि पुरुषांचे शर्ट दिसले, नावं तीन. हा एक ग्राहक नव्हे, हे एक घर आहे. म्हणून आम्ही नंबरला ‘संपर्क’ म्हटलं आणि ‘ग्राहक’ हा शब्द लॉगिन केलेल्या किंवा लॉयल्टी कार्ड घेतलेल्या व्यक्तीसाठी राखून ठेवला. बिलिंगवाल्यांना ते रुचलं नाही, कारण त्यांचा आकडा एकदम खाली आला. तरी मी अडून बसले.

एजन्सीकडे द्यायच्या यादीत नंबर एसएचए-२५६ या पद्धतीने हॅश करायचे होते, म्हणजे ठरलेल्या गणिताने प्रत्येक नंबरच्या जागी अक्षरं-आकड्यांची एक लांब ओळ ठेवायची होती. एका फाइलमध्ये सुरुवातीला ९१ लावलेले, दुसरीत नुसते दहा आकडी, आणि एक्सेलने बारा आकडी नंबरांचं 9.19E+11 करून ठेवलेलं. हॅशला एका अंकाचा फरकही खपत नाही, त्यामुळे त्याच माणसाच्या दोन नोंदी कधी जुळल्याच नसत्या. आधी सगळे नंबर एका साच्यात आणले.

हॅश केलेल्या या यादीला एजन्सी ‘अनामिक डेटा’ म्हणत होती. तो शब्द मी शब्दावलीत घेऊ दिला नाही. आपले मोबाइल नंबर ६ ते ९ ने सुरू होतात, म्हणजे जास्तीत जास्त ४०० कोटी शक्यता. तेवढ्या सगळ्यांचे हॅश काढून जुळवणं आजच्या कॉम्प्युटरला अजिबात जड नाही. हॅश उलगडून माणूस सापडत असेल, तर तो वैयक्तिक डेटाच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या दृष्टीनेही त्याला तसंच वागवायला हवं, असं मी मालकांना सांगितलं आणि त्यांना ते पटलं.

शेवटचा मुद्दा बंद पडलेल्या नंबरांचा. नंबर बंद झाल्यावर किमान ९० दिवसांनी तो कंपनी दुसऱ्याला देऊ शकते, आणि मग जुन्या बाईंची खरेदी नव्या माणसाला दिसायची. म्हणून आता बरेच महिने बिल न झालेला नंबर काउंटरवर आला, की कॅशियर आधी नाव विचारतो. नाव जुळलं नाही तर जुन्या नोंदीला हात न लावता नवीन संपर्क उघडतो.