काळा रंग कागद नव्हे, काच खातेय

सापडलं एकदाचं! माझ्या फोटोतल्या कमानीखालच्या काळ्या सावल्या, प्रिंट फ्रेम करून भिंतीवर गेला की राखाडी का पडतात, त्याचा छडा लागला. कागद निर्दोष सुटला.

फोटो तोच, मागच्या नोंदीतला: दगडी कमानींची रांग आणि शेवटच्या कमानीत दिव्याचा कोनाडा. टेबलावर मॅट, म्हणजे बिनचकाकीच्या, कागदावरचा प्रिंट झकास, कोनाड्यातले छिन्नीचे घावसुद्धा दिसतात. फ्रेम करून टांगला की त्या जागी नुसता करडा डाग. एडिटिंगमध्ये कर्व्ह उचलून सावल्या उजळवल्या, छपाईसाठी रंग बदलण्याची पद्धत परसेप्च्युअलऐवजी रिलेटिव्ह लावली, गडद टोक जुळवणारं ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन चालू-बंद करून झालं. ढिम्म फरक नाही. शेवटी बराइटावर, म्हणजे जास्त गडद काळा देणाऱ्या चमकदार कागदावर, काढला, तर भिंतीवर तोही उन्नीस-बीस! इथे डोकं फिरलं. मॅट कॉटन कागदाचा डीमॅक्स (सर्वांत गडद काळ्याची घनता, लॉग मापात) १.६ धरा, बराइटाचा २.३. म्हणजे मॅटचा काळा अडीच टक्के प्रकाश परत फेकतो, बराइटाचा अर्धा टक्का. पाचपट फरक गेला कुठे?

उत्तर मिळालं काळ्या कापडामुळे. चकाकी अडवायला ते हातात धरून फ्रेमसमोर उभा राहिलो, तर कापडाचं प्रतिबिंब जिथे पडलं तेवढ्याच तुकड्यात घाव उमटले. कापड सरकवलं की घावही सरकत गेल्यासारखे! काच काढून टांगला, आणि अख्खा कोनाडा हजर.

हिशेब सरळ आहे. साध्या काचेच्या प्रत्येक बाजूवरून सुमारे ४ टक्के प्रकाश परततो, दोन्ही मिळून ८. समोरची भिंत पांढरी आणि तितक्याच उजेडात असेल, तर साडेसहा टक्क्यांच्या आसपास उजेड सावल्यांवर येऊन बसतो. त्याच्यापुढे अडीच काय नि अर्धा काय! साध्या काचेमागे बराइटा लावणं म्हणजे निव्वळ हौस, असं माझं मत झालंय.

फ्रेमवाला ‘नॉन-ग्लेअर’ म्हणून घासलेली काच गळ्यात मारू पाहत होता. ती नकोच. चकाकी कमी होत नाही, नुसती पसरते, आणि माउंटमुळे (प्रिंटभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीमुळे) काच नि प्रिंटमध्ये फट राहिली की दगडाचा पोत मऊ पडतो. अँटी-रिफ्लेक्शन कोटिंगची काच वेगळी. तिचं परावर्तन १ टक्क्याच्या आत येतं.

आणि मॅटला नाकं मुरडणाऱ्यांनी जुने ब्रिटिश छायाचित्रकार फ्रेडरिक एव्हान्स आठवावेत. इंग्लंडमधल्या वेल्स कॅथेड्रलचा जिना त्यांनी १९०३ साली टिपला तो प्लॅटिनम प्रिंटसाठी, म्हणजे चांदीऐवजी प्लॅटिनमने उमटवलेल्या मॅट प्रिंटसाठी. प्लॅटिनमचा काळा चांदीच्या प्रिंटइतका खोल नसतो, तरी त्यांच्या सावल्यांतला दगड जिवंत आहे. काळा किती गडद यापेक्षा त्याच्या आत छटांच्या किती पायऱ्या सुट्या दिसतात, ते बघा.

   

आता सगळ्या फ्रेमना कोटेड काच घालणार होतो. पण लिहिता लिहिताच सुचलं: फ्रेमची वरची कड पुढे झुकवली तर? ५ अंश झुकवलं की प्रतिबिंब १० अंश खाली जातं, ३ मीटरवर साधारण अर्धा मीटर. समोर भिंतीला लागून गडद लाकडाचं कपाट आहेच, पांढऱ्या रंगाऐवजी तेच काचेत दिसेल. दोरी खालच्या हुकांना बांधून बघतो. काचेची ऑर्डर तोवर थांबली.