शेवटच्या माणसाच्या मागे

दिंडीत पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटतं, आपल्या हाती टाळ येतील, निदान पताका तरी. मलाही तसंच वाटत होतं. आळंदीत भिशी, म्हणजे दिंडीतल्या जेवणाखाण्याच्या खर्चाचा वाटा भरला, वहीत नाव लिहिलं आणि दिंडीप्रमुख महाराजांसमोर जाऊन उभा राहिलो. त्यांनी मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. म्हणाले, "तुम्ही आजींच्या मागं चालायचं. त्या थांबल्या की थांबायचं."

आजी परभणीकडच्या. सत्तरी ओलांडलेली, पाठीला जरा बाक, काखेत बोचकं. दिंडीत पुढे पताकावाले, मग टाळकऱ्यांच्या रांगा, मृदंग, वीणा, त्यामागे तुळशीवाल्या आणि हंडेवाल्या बायका. त्या सगळ्यांच्या शेवटी आजी. आजींच्या मागे मी, आणि माझ्या मागे थेट मागच्या दिंडीच्या पताका.

खरं सांगतो, मन खट्टू झालं होतं. आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर. एवढं अंतर एका म्हातारीच्या पाठीकडे बघत काढायचं? अभंगसुद्धा नीट ऐकू येत नसे. मागची दिंडी तिसरं चरण म्हणत असायची आणि आमची पहिलं. मधोमध चालणाऱ्या माझ्या कानांत दोन्ही एकमेकांत मिसळायचे.

दिवे घाटात मात्र काहीतरी लक्षात आलं. पुण्याहून सासवड हा वाटेतला सगळ्यांत लांबचा टप्पा, त्यात एकादशी, पोटात खिचडी आणि राजगिऱ्याचा लाडू एवढंच. घाटाच्या दुसऱ्या वळणावर आजींची पावलं जड झाली. मी पुढे आवाज दिला, "माउली, सावकाश!" तो हंडेवाल्या वहिनींनी उचलला, तुळशीवाल्यांनी पुढे नेला, विणेकऱ्यांपर्यंत पोचला. विणेकऱ्यांनी मागे वळून न बघता पाऊल आखडतं घेतलं. टाळकऱ्यांनीही घेतलं. सव्वाशे माणसांची दिंडी आजींच्या चालीने घाट चढली. आजींना यातलं काही माहीत नव्हतं. त्या आपल्या "विठ्ठल विठ्ठल" म्हणत गुडघ्यावर हात टेकत चालल्या होत्या.

पुढे जेजुरी, वाल्हे झालं. नीरेला माउलींच्या पादुकांचं स्नान झालं, पालखी सातारा जिल्ह्यात आली, लोणंदचा मुक्काम झाला. आणि मग चांदोबाचा लिंब.

तिथे वाटेतलं पहिलं उभं रिंगण होतं. दिंड्या रस्त्यावर समोरासमोर दोन रांगा करून उभ्या राहतात आणि मधून अश्व धावतात. एकावर पताका घेतलेला स्वार असतो, दुसऱ्याच्या पाठीवर कुणीच बसत नाही, तो माउलींचा. लहानपणापासून हे पाहायचं मनात होतं. लोणंद सोडल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. लांबून गलका ऐकू आला आणि मी आजींना म्हणालो, "आजी, तुम्ही या हळूहळू, मी जागा धरतो." त्यांनी मान हलवली. मी पळालो.

रिंगण डोळे भरून पाहिलं. अश्व अगदी हातभर अंतरावरून गेले. टापांखालची माती कपाळाला लावायला माणसं वाकली, मीही वाकलो. त्या क्षणी आजी माझ्या मनात नव्हत्या. हे लिहितानाही जड जातं.

माझी जागा रिकामी झाल्यावर काय झालं, ते नंतर कळलं. मागच्या दिंडीची मंडळी आजींच्या अंगावर आली. रिंगणाची घाई सगळ्यांनाच होती. "आजी, रांग अडवू नका" म्हणत कुणीतरी त्यांना हाताने बाजूला केलं. त्या रस्त्याकडेला मैलाच्या दगडाला टेकून बसल्या. दिंड्यांमागून दिंड्या पुढे गेल्या. आजी मागे दिसत नाहीत हे लक्षात आलं ते फक्त हंडेवाल्या वहिनींच्या. त्या गर्दी कापत उलट्या चालत गेल्या, हंड्यातलं पाणी त्यांना पाजलं आणि हाताला धरून आणलं. वहिनींनी रिंगण पाहिलं नाही. आजींनीही नाही.

संध्याकाळी तरडगावच्या तळावर पालखी आली. समाज आरतीला सगळ्या दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात, टाळमृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो. मग सोहळ्याची शिस्त राखणारे चोपदार हातातला चोप, म्हणजे दंड, उंच धरतात आणि क्षणात सगळं शांत होतं. हजारो माणसं, पण खोकलासुद्धा ऐकू यावा अशी शांतता. अशा वेळी ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती टाळ थांबवत नाही.

त्या दिवशी आमचे टाळ वाजत राहिले.

मला घाम फुटला. सगळा तळ आमच्याकडे बघत होता. चोपदार माणसांतून वाट काढत आले, महाराजांच्या तोंडाशी कान नेला, नीट ऐकून घेतलं. त्यांनी मागच्या दिंडीच्या प्रमुखांना बोलावलं. ते आले, दोघांचं बोलणं झालं, आणि त्या प्रमुखांनी आमच्या विणेकऱ्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. विणेकऱ्यांनीही वाकून त्यांच्या पायांना हात लावला. तेव्हा टाळ थांबले. मग हरवल्या-सापडल्याची पुकार झाली: कुणाचा चष्मा, कुणाची पिशवी. दुसऱ्या दिवशी निघायची वेळ सांगितली गेली आणि आरती सुरू झाली.

आरफळच्या हैबतबाबांनी या सोहळ्याला शिस्त लावली, ते शिंद्यांच्या पदरी होते, हे मी पुस्तकात वाचलं होतं. शिस्त म्हटली की मला नंबर आणि रांगा आठवायच्या. एका म्हातारीला बाजूला सारलं म्हणून अख्खा सोहळा आरतीआधी थांबतो, तीही याच शिस्तीतली गोष्ट, हे त्या रात्री उमगलं. आणि ज्यांच्यासाठी हे सगळं झालं, त्या आजी राहुटीत पाय पसरून निजल्या होत्या.

आरतीनंतर मी महाराजांकडे गेलो. म्हटलं, "चूक त्यांची नाही, माझी आहे. मी जागा सोडली." ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला ठाऊक होतं. उद्या परत तिथंच चाला."

पहाटे काकडा झाला, फलटणची वाट सुरू झाली. मी आजींच्या मागे. बोलायचं धाडस होत नव्हतं. मैलभर गेल्यावर त्याच थांबल्या, मागे वळल्या.

"लेकरा, काल घोडं पळालं का रं?"

"पळालं, आजी."

"मग सांग की. कसं पळालं?"

मी सांगायला सुरुवात केली.