हातातला चेंडू

फुटबॉलच्या सामन्यांत बॉल बॉय आणि बॉल गर्ल मुलांना सांभाळायचं काम माझ्याकडे असतं. त्यांना कडेनं उभं करायचं, बिब घालायला लावायचे आणि 'सामना बघत बसू नका' हे नव्वद मिनिटं बजावत राहायचं. यातलं शेवटचं आजवर जमलेलं नाही.

चेंडू बाहेर गेला की मूल आपसूक त्याच्यामागे धावतं. ही सवय मोडावी लागते. आधी हातातला जादा चेंडू खेळाडूला द्यायचा, मग गेलेला आणायला पळायचं. द्यायचाही तो खालून, दोन्ही हातांनी, त्याच्या छातीशी येईल असा. शिकवताना मी २०१९ च्या लिव्हरपूल-बार्सिलोना सामन्यातला तो कॉर्नर दाखवतो. चौदा वर्षांच्या बॉल बॉयनं चेंडू चटकन दिला, बार्सिलोनावाले गाफील राहिले आणि लिव्हरपूलचा चौथा गोल झाला. मुलं गोल बघतात. मी म्हणतो, अरे, त्याचे हात बघा!

त्या दिवशी यजमान संघ एका गोलनं पुढे होता. ऐंशीव्या मिनिटाच्या सुमारास चेंडू एकाएकी उशिरा यायला लागले. एकाची बुटाची नाडी सुटली, दुसऱ्याच्या हातून चेंडू निसटून मागेच गेला. चौथे पंच माझ्यावर खेकसले, "तुमची पोरं झोपली का?" विचारलं तर कळलं, यजमानांच्या बाकावरचा एक जण कडेकडेनं फिरून सांगून गेला होता, "जरा दमानं द्या." वाया गेलेला वेळ रेफरी शेवटी वाढवून देतात, मान्य. पण चढाईचा जोर एकदा मोडला की तो कोण भरून देणार?

मी धावतच निघालो. पाहुण्यांच्या गोलमागे एक तेरा वर्षांची मुलगी चेंडू पोटाशी घट्ट धरून उभी होती.

"सर, ते हळू म्हणतात, तुम्ही लवकर म्हणता. आणि मी त्यांच्याच अकादमीत आहे."

मला तिथल्या तिथे उत्तर सुचलं नाही. "गोलकीपरनं हात पुढे केला की दे," एवढंच म्हणालो.

पाचेक मिनिटांत यजमानांना कॉर्नर मिळाला. उंच बचावपटूही पुढे आले, हेडर बारवरून थेट प्रेक्षकांत गेला. गोलकीपरनं हात पुढे केला. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि चेंडू दिला. खालून, छातीच्या उंचीला. त्यानं तो ठेवला आणि लांब मारला. यजमानांचे बचावपटू अजून परत धावतच होते. बरोबरी!

तो बाकावरचा माणूस तरातरा आला. "कुणाच्या बाजूची गं तू?"

मी मध्ये उभा राहिलो. काय बोलावं ते जुळवत होतो, तोवर मागून कुणीतरी माझा शर्ट ओढला.

"सर, बाजूला व्हा ना. ते माझा चेंडू परत टाकतायत."

प्रेक्षकांत कुणीतरी चेंडू डोक्यावर धरून उभं होतं.