एसएफआयची तोंडी परीक्षा आणि ते लांबलचक शब्द

स्टॉकहोमला आल्यावर एसएफआयचे, म्हणजे स्थलांतरितांसाठीचे फुकट स्वीडिश वर्ग सुरू केले. व्याकरण, वाचन भराभर झालं. उच्चारातही आपण मराठी माणसं काकणभर सरस. र आणि न शेजारी आले की इथे ण होतो. 'बार्न' म्हणजे मूल, पण ऐकू येतं चक्क 'बाण'. वर्गातले बाकीचे त्या ण पुढे हात टेकायचे.

गाडी अडली जोडशब्दांवर. 'बूस्ताद्सरेत्सफरेनिंग' म्हणजे आपल्याकडची हाउसिंग सोसायटी. सगळी अक्षरं बरोबर, तरी समोरचा "काय?" म्हणून आठ्या घालणार. शिक्षकांना विचारलं की उत्तर ठरलेलं: ऐका आणि म्हणा. अहो, ऐकतच होते की! नेमकं काय ऐकायचं ते कोणी सांगेल? राग अजून गेलेला नाही, कारण सांगण्यासारखं फार थोडं आहे.

शाळेत करायचो तसा समासविग्रह करा: बूस्ताद्स, रेत्स, फरेनिंग. 'रेत्स'मधला शेवटचा स नुसता जोडणारा, तो मागच्या तुकड्याचा. आपल्या जोडाक्षरांच्या सवयीने तो पुढच्या फ ला चिकटतो आणि तिथेच शब्द बिघडतो. मुख्य जोर पहिल्या तुकड्यावर, त्याहून हलका शेवटच्यावर, मधला सपाट. म्हणजे 'बू' आणि 'फरेनिंग'मधला 'रे'. 'रेत्स' एकटा असताना ठासून म्हणायचा, इथे त्याला भाव नाही.

पण पहिला तुकडा म्हणजे पहिलं अक्षर नव्हे, आणि हे तर कोणीच बोललं नाही! सामाजिक विम्याचं ऑफिस 'फरशेक्रिंग्सकस्सन'. त्यातला 'फर' बिनजोराचा उपसर्ग. जोर 'शे'वर, मग 'कस्सन'मधल्या 'क'वर. तुकडा एकटा असताना जिथे जोर घेतो, समासातही तिथेच घेतो.

आणि लांबी फक्त जोराच्या जागी. एकतर स्वर लांबवा नाहीतर व्यंजन दुहेरी करा, दोन्ही एकदम नाही. 'ग्लास' काच, 'ग्लस्स' आइस्क्रीम. त्यांच्यापुढे 'स्कोल' म्हणजे वाडगा जोडला की दोन्हींचं स्पेलिंग एकच, कारण तीन स आले तरी दोनच लिहितात. वाचताना संदर्भ बघा, बोलताना लांबी सांभाळा.

हे राहिलंच: लेक्सिन हा ऑनलाइन शब्दकोश उच्चार ऐकवतो. त्यात एकेक तुकडा ऐका, मग अख्खा शब्द तोंड मिटून नुसता गुणगुणा. स्टॉकहोमच्या बोलीत सूर दोनदा वर जातो, आधी पहिल्या जोरावर, मग शेवटच्या. तो सूर जमला आणि परीक्षेत मला एकही शब्द पुन्हा म्हणायला लावला नाही. त्या दिवशी मी स्वतःवर भलतीच खूश होते.

दक्षिण स्वीडनमधल्या माल्म्यो शहराकडे राहणाऱ्यांनी मात्र हा दोन चढांचा सूर घोटू नये. तिकडे चढ एकच असतो. जोराच्या जागा मात्र याच.