सर्व्हरचा पब्लिक आयपी सर्व्हरलाच विचारू नका

पीएचपीत (वेबसाइटची प्रोग्रामिंग भाषा) सर्व्हरचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, काढायचा म्हटलं की सगळेजण आधी पीएचपीनंच दिलेल्या डॉलर अंडरस्कोर सर्व्हर यादीतला सर्व्हर_अ‍ॅड्र बघतात. लोकलला चालतंय, हातातल्या होस्टिंगवरही काहीतरी आकडा येतोय, पण तो पब्लिक आयपी (इंटरनेटवर चालणारा पत्ता) असेलच याची खात्री नाही आणि समोरच्या पार्टीला नेमका तोच पाहिजे असतोय.

आमच्याकडं सांगलीत हे मार्केट यार्डाच्या कामात वारंवार येतंय. हळदीचा सौदा निघाला की शेतकऱ्याला पट्टीचा (विक्रीच्या हिशोबाचा) मेसेज गेला पाहिजे, आणि एसएमएस गेटवेवाले (प्रोग्राममधून आलेले मेसेज पुढं पाठवणारी कंपनी) म्हणतात आधी तुमचा आयपी द्या, व्हाइटलिस्ट करतो म्हणजे परवानगीच्या यादीत टाकतो, मगच एपीआय (मेसेज पाठवायची जोडणी) चालू. मग दुकानदार विचारतो "आयपी किती आहे हो आपला?" आणि आपण स्क्रिप्टला विचारायला जातो.

स्क्रिप्ट जे सांगते ते मशीनच्या नेटवर्क कार्डावरचं असतंय. म्हणजे १०.०.५.१२ किंवा १९२.१६८ वालं कायतरी. १०, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ ह्या रेंजा १९९६ सालीच खाजगी नेटवर्कसाठी बाजूला काढून ठेवलेल्यात, इंटरनेटवर त्यांना रस्ताच नाही. यार्डात "गाळा नंबर १२" म्हटलं की हमालाला कळतं, पण पुण्याहून माल पाठवणाऱ्याला तेवढ्यावर काय कळणार? पब्लिक पत्ता पुढं राउटरवर किंवा क्लाउडच्या नॅटवर (आतला पत्ता बदलून बाहेरचा लावणारी सोय) लागतो, सर्व्हरला तो दिसतच नाही. गेटहोस्टनेम करून गेटहोस्टबायनेम मारलं तर उबुंटू, डेबियनवर बऱ्याचदा १२७.०.१.१ (मशीनचा स्वतःपुरता पत्ता) हातात येतं, कारण होस्ट्स फाइलमध्ये तसंच लिहिलेलं असतंय. आणि क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारी सोय) कमांड लाइनवर स्क्रिप्ट चालवली की सर्व्हर_अ‍ॅड्र रिकामाच.

म्हणून बाहेरच्याला विचारायचं. आयपिफाय, आयकॅनहॅझआयपी, अ‍ॅमेझॉनचं चेकआयपी, ह्यांना कर्लनं (वेबवर रिक्वेस्ट पाठवायचं साधन) एचटीटीपीएसवर एक रिक्वेस्ट टाकली की तुम्ही ज्या पत्त्यावरून आलात तो साध्या टेक्स्टमध्ये परत येतो. शेवटी न्यूलाइन (ओळ संपल्याची न दिसणारी खूण) चिकटलेली असू शकते, ट्रिम करून घ्या, नाहीतर तोच आयपी डेटाबेसमधल्या आयपीशी जुळवताना जुळत नाही आणि माणूस तासभर डोकं धरून बसतो. टाइमआउट दोन-तीन सेकंदांचा ठेवा. आलेलं उत्तर फिल्टर_व्हारमधून तपासा, कधीकधी सर्व्हिस बंद असली की आयपीच्या जागी अख्खं एचटीएमएल पान येतंय. पीएचपी ८.२ पासून ग्लोबल रेंजचा फ्लॅग आलाय तो वापरा, जुना प्रायव्हेट रेंजवाला फ्लॅग १००.६४ वाल्या (इंटरनेट कंपन्यांच्या आतल्या नेटवर्कमधल्या) पत्त्यांना तसंच पुढं सोडतो.

आता खरी गोम. "पब्लिक आयपी" म्हणजे कुठला? लोक वेबसाइटवर येतात तो, का सर्व्हर बाहेर जातो तो? हे दोन वेगळे असू शकतात आणि मला वाटतं निम्मा गोंधळ इथंच होतो. क्लाउडफ्लेअर (साइटपुढं मध्यस्थ म्हणून बसणारी सेवा) लावलेलं असलं की डोमेन पिंग करून मिळणारा आयपी क्लाउडफ्लेअरचा. शेअर्ड होस्टिंगवर साइटला एक आयपी दिलेला असतो आणि बाहेर जाताना सर्व्हरचा मेन आयपी लागतो. अ‍ॅमेझॉनवर प्रायव्हेट सबनेटमध्ये मशीन असलं तर बाहेर नॅट गेटवेचा पत्ता दिसतो. व्हाइटलिस्टला बाहेर जायचाच पाहिजे, आणि तो बाहेरच्यानंच सांगितलेला खरा.

आयपीव्ही६ (आयपीचा नवा, लांब प्रकार; वरचे सगळे जुने व्ही४) कडं पण लक्ष द्या. सर्व्हरला दोन्ही असले तर कर्ल व्ही६ नं जाऊ शकतं आणि लांबलचक कोलनवालं उत्तर येतं, एसएमएस गेटवेच्या फॉर्ममध्ये ते बसतच नाही. कर्लला आयपीरिझॉल्व्ह व्ही४ सेट करायचं, आणि एसएमएस पाठवणाऱ्या कॉलमध्येसुद्धा तेच सेट करायचं, नुसतं तपासताना करून उपयोग नाही.

काहीजण दुकानातल्याच पीसीवर सगळं चालवतात, साध्या ब्रॉडबँडवर. तिथं पत्ता बदलतो, वर कंपनीनं एकच पब्लिक आयपी कितीतरी घरांत वाटलेला असू शकतो, तो व्हाइटलिस्ट केला की त्या सगळ्यांसाठीच दार उघडलं. अशा ठिकाणी स्टॅटिक (न बदलणारा) आयपी घ्या किंवा छोटा व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर), पैसे जातात पण पट्टी अडकत नाही.

आणि कृपा करून प्रत्येक पेज लोडला बाहेर विचारायला जाऊ नका. साइट स्लो होते आणि फुकट सेवा देणाऱ्यावर उगाच लोड. मी क्रॉन लावतो, तासाला एकदा विचारून फाइलमध्ये ठेवतो, बदल दिसला तर दुसऱ्या सर्व्हिसला विचारून खात्री करतो, मग जुना आणि नवा दोन्ही आयपी टेलिग्रामवर येतात. टेलिग्रामवर अशासाठी, की एसएमएस तर त्याच व्हाइटलिस्टमागं अडकलेला असतोय.