नववा वाटा

बाटल्या किमान दोन दिवस आधी माझ्या हाती आल्या पाहिजेत, एवढी एकच अट मी त्या मंडळींना घातली होती. जुन्या रेड वाइनमधली टॅनिन आणि रंगद्रव्ये वर्षानुवर्षे एकमेकांशी जोडली जाऊन जड होतात आणि गाळ होऊन खाली बसतात. आडव्या ठेवलेल्या बाटलीत हा गाळ एका कुशीला धरलेला असतो, आणि गाडीतून हेलकावे खात आलेली बाटली त्याच संध्याकाळी उघडली, तर तो सगळा प्याल्यांत उतरून वाइन गढूळ आणि कडवट लागते. बाटली शांतपणे उभी ठेवली की गाळ हळूहळू तळाशी येतो. फ्रान्समधल्या बर्गंडी भागातल्या वाइनचा गाळ फार बारीक असल्याने तिला इतरांहून अधिक वेळ द्यावा लागतो. सगळ्यांनी अट पाळली. आठही बाटल्या वेळेवर आल्या, आणि प्रत्येक बाटलीसोबत ती आणणाऱ्याने ती का निवडली याची चिठ्ठी होती. त्या चिठ्ठ्या वाचताना हे नेहमीचे काम नाही, हे मला स्पष्ट झाले.

मी ज्या उपाहारगृहात सोमेलिए, म्हणजे वाइनची निवड आणि वाढप पाहणारी जाणकार, म्हणून काम करते, तेथे हा गट अनेक वर्षे जमत आला आहे. प्रत्येकाने आपल्या संग्रहातली एक बाटली आणायची, मी ती कापडी पिशवीत झाकून ओतायची, आणि चव घेऊन सगळ्यांनी द्राक्षाची जात, प्रदेश आणि साल ओळखायचा प्रयत्न करायचा, अशी त्यांची रीत. हा गट ज्यांनी जमवला त्यांना आम्ही कर्मचारी ‘सर’ म्हणत असू. सर अचूक ओळखत, पण त्याहूनही मला महत्त्वाची वाटणारी त्यांची सवय वेगळी होती. बाटली कितीही दुर्मीळ असो, तिच्यातला एक वाटा ते आमच्याकडे आत पाठवत. चांगल्या गिऱ्हाइकाने सोमेलिएला घोटभर वाइन देऊ करणे हा आमच्या व्यवसायातला जुना शिष्टाचार आहे. सर मात्र प्याले विसळणाऱ्या मुलालाही त्यात धरत आणि नंतर आत येऊन त्याला काय जाणवले ते विचारत.

सर गेल्या वर्षी दीर्घ आजाराने गेले. त्यांच्या आठवणीसाठी जमायचे ठरले, तेव्हा गटातल्या ज्येष्ठ सदस्यांनी मला दोन गोष्टी सांगितल्या. त्या दिवशी बाटल्या झाकायच्या नाहीत. आणि प्रत्येक बाटलीचे आठ नव्हे, नऊ वाटे करायचे. आठ माणसे टेबलावर बसणार होती: सात मित्र आणि सरांच्या पत्नी, ज्यांना सगळे वहिनी म्हणतात. नववा वाटा सरांचा. त्यांच्यासाठी रिकामी खुर्ची आणि भरलेला प्याला मांडून ठेवावा, असे एकाने सुचवले होते, पण वहिनींनी ते मानले नाही. कोणीही न प्यायलेली वाइन मोरीत ओतायची, हे सरांना कधीच पटले नसते, असे त्या म्हणाल्या. सरांचा वाटा नेहमीप्रमाणे आत जाणार होता.

पोर्ट, म्हणजे पोर्तुगालची गोड, कडक वाइन, प्यायची शेवटाकडे असली, तरी संध्याकाळची सुरुवात तिनेच झाली, कारण डिकँट केल्यावर, म्हणजे गाळ मागे ठेवून दुसऱ्या भांड्यात ओतल्यावर, तिला हवा लागायला वेळ द्यायचा होता. ती १९६३ सालची व्हिंटेज पोर्ट होती. ते पोर्टच्या नामांकित सालांपैकी एक, आणि सरांचे जन्मसाल. त्यांच्या साठाव्या वाढदिवसासाठी एका मित्राने ती मिळवून ठेवली होती, पण त्या दिवशी सर रुग्णालयात होते आणि बाटली तशीच राहिली. सहा दशके बाटलीच्या मानेत बसलेले बूच कॉर्कस्क्रूला दाद देत नाही, त्याचा भुगा होऊन वाइनमध्ये पडतो. म्हणून मी पोर्टची सांडशी वापरली. तिच्या तोंडाची लोखंडी कडी लालभडक होईपर्यंत तापवायची, बुचाच्या खाली बाटलीच्या मानेवर मिनिटभर घट्ट धरून ठेवायची आणि ती काढताच त्याच जागी बर्फाच्या पाण्यात भिजवलेला फडका लावायचा. तापलेली काच एकदम आकसते आणि कडीच्या रेषेवर स्वच्छ तडकते. मान बुचासकट हातात आली, तेव्हा टेबलावरच्या कोणालाही बोलण्याची इच्छा झाली नाही. काचेचा कण राहू नये म्हणून ती वाइन मी बारीक मलमलीतून गाळली.

त्यानंतर १९९६ ची शॅम्पेन आली. त्या सालच्या शॅम्पेनची आम्लता इतकी तीव्र आहे की एवढ्या वर्षांनंतरही ती ताठ उभी होती. बुडबुडे मात्र अगदी बारीक झाले होते, म्हणून मी तिला उंच निमुळत्या प्याल्यांऐवजी रुंद प्याले दिले. मग जर्मनीतल्या मोझेल नदीकाठची १९७६ ची रीसलिंग ही पांढरी वाइन, आउस्लेझे, म्हणजे पिकलेले घड निवडून केलेल्या प्रतीची. त्या कडक उन्हाळ्याच्या साली तिथल्या द्राक्षांवर बोट्रायटिस बुरशी भरपूर आली आणि रस आटून गोड झाला. बाटलीतून उतरली ती गर्द सोनेरी झालेली, आणि तिला जुन्या रीसलिंगचा तो केरोसीनकडे झुकणारा वास होता, जो पहिल्यांदा भेटणाऱ्याला दचकवतो आणि पुढे आयुष्यभर हवाहवासा वाटतो. ती आणणारे भूलतज्ज्ञ म्हणाले, की सरांनी त्यांना पाजलेली पहिली जुनी वाइन हीच होती, आणि त्या वासाला त्यांनी तेव्हा नाक मुरडले होते.

बर्गंडीतली १९९० ची व्होल्ने आणि इटलीतला १९७८ चा बारोलो यांच्याबद्दल खूप लिहिता येईल, पण मी एवढेच नोंदवते की बारोलोचे बूच मी दुपारीच काढून ठेवले होते आणि तो वेळ त्याला मानवला. रंगाने फिकट विटकरी, पण डांबर आणि गुलाब हा नेब्बिओलो द्राक्षाचा जोडगंध शाबूत होता. लेबनॉनमधल्या शातो मुसारची १९९५ ची बाटली गटातल्या सर्वांत तरुण सदस्याने आणली होती. यादवी युद्धाच्या काळात बेका खोऱ्यातल्या मळ्यांतून द्राक्षांचे ट्रक आघाड्या ओलांडून वाइनरीपर्यंत आणावे लागत, १९७६ साली तर वाइन झालीच नाही, ही हकिकत सर नेहमी सांगत. त्यांनी ती इतकी सांगितली होती की त्या दिवशी टेबलावरचे सगळे एकेक वाक्य वाटून घेत ती पूर्ण करत गेले.

मुसारच्या आधी, बारोलोनंतर, वहिनींनी आणलेली बाटली होती, आणि सगळे तिचीच वाट पाहत होते. फ्रान्समधल्या बोर्दोच्या सँ-झुलियाँ भागातली, १९८२ ची. त्या सालाने बोर्दोच्या वाइनकडे पाहण्याची जगाची नजर बदलली. सरांनी ती तरुणपणी घेऊन ठेवली होती, आणि मानेला दोऱ्याने बांधलेल्या पुठ्ठ्यावर त्यांच्या अक्षरात लिहिले होते: ‘हिच्या निवृत्तीच्या दिवशी उघडणे.’ वहिनींची निवृत्ती अजून पुढच्या वर्षी आहे. वाइनची पातळी मानेच्या तळाशी, म्हणजे वयाच्या मानाने उत्तम होती. बूच दोन पात्यांच्या चिमट्याने अखंड निघाले. मेणबत्तीच्या उजेडात मी ती डिकँटरमध्ये घेतली आणि गाळ मानेपाशी येताच थांबले. रंग पाहून मला फार आनंद झाला.

मग मी नेमाप्रमाणे थोडी वाइन प्याल्यात घेऊन हुंगली, आणि पहिल्याच श्वासात कळले.

ओल्या पुठ्ठ्याचा, वर्षानुवर्षे बंद असलेल्या तळघराचा वास. ट्रायक्लोरोॲनिसोल, म्हणजे आमच्या बोलण्यात टीसीए, हे संयुग बुचातल्या बुरशीची क्लोरोफिनॉल प्रकारच्या रसायनांवर क्रिया होऊन तयार होते. बुचाचा दोष मुख्यतः यामुळे येतो हे १९८१ साली स्वित्झर्लंडमध्ये हान्स टॅनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. लिटरमागे काही नॅनोग्रॅम एवढेच ते पुरते. प्रकृतीला त्याचा अपाय नाही, पण ते वाइनचा सुगंध झाकून टाकते, आणि नाक त्याला लवकर सरावत असल्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या श्वासाला ‘तसे काही नसावे’ असे वाटू लागते. म्हणून पहिल्या श्वासावरच विश्वास ठेवायचा असतो. हे मी वाचून शिकले नव्हते. मी नवखी असताना सरांच्या टेबलावरच्या अशाच एका बाटलीने ते मला शिकवले होते. त्यांनी ती परत पाठवण्याआधी आम्हा सगळ्यांना बोलावून हुंगायला लावली होती, कारण दोष इतका स्पष्ट असलेली बाटली शिकणाऱ्याला मागून मिळत नाही.

एरवी अशा वेळी काय करायचे हे ठरलेले असते: यजमानाच्या कानाशी जाऊन सांगायचे आणि दुसरी बाटली उघडायची. इथे दुसरी बाटली नव्हती, आणि यजमान हयात नव्हते. मी एका प्याल्यात घोटभर वाइन घेऊन, काहीही न बोलता, वहिनींपुढे ठेवली. त्यांचे नाक सरांच्या तोडीचे आहे. इतकी वर्षे दोघे एकाच टेबलावर बसून वाद घालत आले होते. त्यांनी प्याला उचलला, एकदाच हुंगला आणि खाली ठेवला.

“तुम्हालाही आला ना?” त्यांनी मला विचारले.

“हो, वहिनी. पहिल्याच श्वासाला.”

त्यांनी टेबलाकडे वळून सांगितले, “बाटली कॉर्क्ड आहे.”

पुढची काही मिनिटे अवघड गेली. एका मित्राने लगेच प्याला पुढे केला आणि म्हणाला, की सरांच्या हातची बाटली आहे, कशीही असली तरी आपण ती पिणार. दुसऱ्याने सुचवले, की स्वच्छ प्लॅस्टिकचा पातळ कागद डिकँटरमध्ये घालून हलवला तर टीसीए बराचसा त्याला चिकटून निघून जातो. हे खरे आहे, पॉलिथिन ते शोषून घेते; मात्र त्याबरोबर वाइनचे स्वतःचे काही गंधही जातात आणि मागे राहते ती एक पोकळ वाइन. मी हे सांगितले. माझ्या मते त्या मित्रांच्या हट्टात गैर काही नव्हते. प्रेमापोटी माणूस खराब वाइनही पिऊ शकतो. पण भूलतज्ज्ञ शांतपणे म्हणाले, “आज त्याच्या नावाने आपण हिला चांगली म्हणायची, हे त्याला चाललं असतं का?” यावर कोणीच काही बोलले नाही.

वहिनींनी मला विचारले, “आत नवीन मुलं कोण आहेत?” त्या वेळी आमच्याकडे दोन प्रशिक्षणार्थी होते. “त्यांना बोलवा,” त्या म्हणाल्या, “आणि बारोलोचा नववा वाटाही घेऊन यायला सांगा. शेजारी चांगली वाइन असल्याशिवाय फरक कळायचा नाही.”

दोघे बिचकत बाहेर आले. वहिनींनी स्वतः त्यांच्या हातात प्याले दिले, आधी बारोलोचा, मग बोर्दोचा, आणि काय शोधायचे हे न सांगता फक्त विचारले, की दुसऱ्यात काय नाही? एकाने बराच वेळ घेऊन सांगितले, की दुसऱ्यात फळ नाही. दुसरीला पुठ्ठ्याचा वास आला, पण बोलावे की नाही हे तिला कळत नव्हते. मोठ्या माणसांच्या एवढ्या जुन्या बाटलीला वाईट कसे म्हणायचे, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. भूलतज्ज्ञांनी तिला बोलते केले. मग सगळे उठून उभे राहिले, डिकँटर फिरला, प्रत्येकाने आपापला प्याला हुंगला, आणि त्या बंद वासाच्या पलीकडे १९८२ चे काय उरले आहे यावर त्यांच्यात जोरदार चर्चा सुरू झाली. एकाला सीडरचे लाकूड सापडले, दुसऱ्याने ते साफ नाकारले. त्या संध्याकाळी मित्र पहिल्यांदाच सरांविषयी न बोलता सरांसारखे बोलत होते, आणि मला वाटते त्या बाटलीचा याहून चांगला उपयोग झाला नसता.

मुसार आणि पोर्टनंतर शेवटी मदेरा, म्हणजे पोर्तुगालच्या मदेरा बेटावरची कडक वाइन, आली. इतर कोणतीही वाइन ज्या दोन गोष्टींनी मरते, उष्णता आणि हवा, त्यांतूनच मदेरा घडते. पूर्वी तिची पिंपे जहाजांतून उष्ण कटिबंध ओलांडून नेली-आणली जात. आज उत्तम मदेरा वर्षानुवर्षे माळ्यावरच्या उबेत मुरवतात. त्यामुळे उघडल्यावरही ती महिनोन्‌महिने टिकते. बाटलीत बरीच उरली, तेव्हा ती संपवण्याची घाई कोणी केली नाही. तिला नवे बूच लावून, तारीख लिहून आमच्या सेलरमध्ये ठेवली आहे, आणि गटाच्या पुढच्या बैठकीत ती पुन्हा बाहेर येईल.

निघताना वहिनींनी सरांची संग्रहाची वही माझ्याकडे दिली. घरी अजून बऱ्याच बाटल्या आहेत आणि कोणती आधी उघडायला हवी, याचा क्रम त्यांना हवा होता. प्रत्येक बाटलीची पातळी, बूच आणि साल पाहून मी यादी केली. पाझरू लागलेल्या दोन बर्गंडी या महिन्यातच उघडायला सांगितल्या आहेत, मोझेलच्या रीसलिंगना आणखी दहा वर्षे हात लावायची गरज नाही. वहिनींच्या निवृत्तीच्या दिवसासाठी वहीतूनच १९८९ चा एक बारोलो आम्ही दोघींनी मिळून निवडला. त्या बाटलीचे किती वाटे करायचे, हे त्यांनी मला आत्ताच सांगून ठेवले आहे, आणि दोन्ही प्रशिक्षणार्थींना त्या दिवशी सुट्टी देऊ नये असेही.